गाणे कोणाचे?

जाझ म्हटले की आमच्या सातारा-सांगलीकडच्या मंडळींच्या डोळ्यांपुढे हॉटेलातला नाच आणि कर्कश पिपाण्या उभ्या राहतात. हा समज अगदीच निराधार नाही. पण तेवढ्याने त्या गाण्याचे मर्म हाती लागत नाही. वाद्ये तर आम्हांला मुळीच परकी नाहीत. क्लॅरिनेट, ट्रंपेट, सॅक्सोफोन आमच्या वरातींत पिढ्यान् पिढ्या वाजत आले आहेत.

जाझ गाणाऱ्याची नवी तबकडी निघते तेव्हा तीत बहुधा दोन तऱ्हांची गाणी असतात. काही त्याने स्वतः रचलेली, आणि काही ‘स्टँडर्ड’. स्टँडर्ड म्हणजे सर्वांच्या ओठांवर असलेले जुने गाणे. गंमत अशी की, ह्यांतली पुष्कळशी गाणी मूळची जाझची नव्हेतच. ती नाटकांतून आणि बोलपटांतून आलेली. १९५९ च्या ‘साउंड ऑफ म्यूझिक’ ह्या संगीत नाटकातले एक साधे, बडबडगीतासारखे गाणे जॉन कोल्ट्रेन ह्याने १९६० साली सॅक्सोफोनवर घेतले आणि तेरा मिनिटांहून अधिक वेळ फुलवत नेले. चाल तीच, रसायन वेगळे. उलट, बिली हॉलिडे ही गायिका जन्मभर दुसऱ्यांची गाणी गायली. पण १९४१ साली तिने स्वतः रचण्यात हात घातलेले एक गाणे ध्वनिमुद्रित केले आणि पुढे तेच इतरांचे स्टँडर्ड झाले.

हे सांगलीकराला नवल वाटण्याचे कारण नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे. त्यांचे ‘मानापमान’ १९११ साली रंगभूमीवर आले. चाली गोविंदराव टेंब्यांच्या. पुढे मास्टर दीनानाथांनी धैर्यधराच्या पदांपैकी काहींच्या चाली आपल्या तेजस्वी गळ्याला मानवतील अशा फिरवून घेतल्या. शब्द खाडिलकरांचे, मूळ चाल टेंब्यांची, आणि ऐकणारा म्हणतो, ‘हे दीनानाथांचे पद!’ तो चुकत नाही. पण पुरते खरेही बोलत नाही.

दीनानाथांच्या कन्या आशा भोसले ह्यांचा जन्म १९३३ साली सांगलीतलाच. २००५ साली सत्तरी ओलांडलेल्या आशाबाईंनी वडिलांचाच खेळ मांडला. सॅन फ्रान्सिस्कोच्या क्रोनोस क्वार्टेट ह्या चौघा तंतुवादकांबरोबर त्यांनी राहुलदेव बर्मन ह्यांची जुनी चित्रपटगीते नव्याने गायली. तबल्याला झाकीर हुसेन, आणि पिपा ह्या चिनी तंतुवाद्यावर वू मान. ‘यू हॅव स्टोलन माय हार्ट’ हे त्या तबकडीचे नाव. ग्रॅमी पारितोषिकासाठी तिला नामांकनही मिळाले. बर्मन ह्यांच्या भल्यामोठ्या वाद्यवृंदाचे काम चौघांनी थरावर थर मुद्रित करून उभे केले. आवाजाचे वय त्यात लपवलेले नाही, आणि आम्हांला तेच आवडले.

आमचे आयुष्य मस्टर आणि पगारपत्रक ह्यांवरून भांडण्यात गेले, त्यामुळे तबकडी हाती आली की आम्ही आधी तिच्या वेष्टणाची पाठ वाचतो. चित्रपटगीतांत जाझ आणले कोणी? १९५१ च्या ‘अलबेला’च्या वेळी सी. रामचंद्रांच्या सोबतीला ट्रंपेटवादक चिक चॉकलेट होते. ओ. पी. नय्यर ह्यांच्या चाली कागदावर उतरवून वाद्यवृंदाला वाटून देत ते सेबास्टियन डिसूझा. दोघेही गोमंतकीय. अशांची नावे पडद्यावर ‘साहाय्यक’ म्हणून आली तर आली. मागच्या रांगेतल्या व्हायोलिनवाल्यांची तीही नाहीत.

अमेरिकेत वादकांच्या संघटनेने ह्याच दुखण्यावर बोट ठेवले. १ ऑगस्ट १९४२ पासून तिच्या सभासदांनी ध्वनिमुद्रण बंद केले. कंपन्यांनी गवयांना नुसत्या कोरसच्या साथीने गायला लावून पाहिले, कारण गवयी संघटनेत नव्हते! बड्या कंपन्या १९४४ च्या नोव्हेंबरात नमल्या. विकलेल्या तबकड्यांमागे ठरावीक रक्कम निधीत पडू लागली, आणि त्या पैशातून वादकांना मेहनताना देऊन लोकांसाठी फुकट जलसे झाले.

आपल्याकडे २०१२ साली कॉपीराइट कायदा दुरुस्त झाला. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा वाटा आता निर्मात्याला सबंध लिहून घेता येत नाही. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचाही हक्क मान्य झाला. हे मोठेच काम झाले. पण ‘कलावंत’ ह्या शब्दाच्या व्याख्येतच एक पाचर मारून ठेवली आहे. चित्रपटात ज्याचे काम किरकोळ वा प्रासंगिक आहे, आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत किंवा अन्यत्र कोठेच येत नाही, तो कलावंत नव्हे. त्याच्या कामाची मोडतोड झाली तर तक्रार करण्यापुरताच काय तो कलावंत. गिरणीत ‘बदली’ म्हणून वर्षानुवर्षे राबलेल्या माणसाला ही भाषा समजावून सांगावी लागणार नाही. नाव नाही म्हणून हक्क नाही. आणि नाव देणे न देणे मालकाच्या हाती.

आता तर गाणे मोबाइलवर येते. त्याला पाठच नाही. गाणाऱ्याचे नाव दिसते, फार तर संगीतकाराचे. सॅक्सोफोन कोणी फुंकला हे शोधायला निघालो, तर एका गाण्यापायी आमची सबंध संध्याकाळ जाते.