चला, जर्मन शिकू या : दोन 'ला'ची गोष्ट

विशेषणांच्या प्रत्ययांना आज हात घालायचा असं गेल्या आठवड्यात ठरलं होतं. ते पुढे ढकलतो, कारण भिवंडीच्या पद्मानगरमधून एका वाचक मुलीचं पत्र आलंय आणि त्यातला प्रश्न मला आठवडाभर सोडायला तयार नाही.

मुलगी नर्सिंग शिकते. 2024 साली महाराष्ट्र सरकारनं बाडेन-वुर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून अशी पत्रं वाढली आहेत. हिचे वडील यंत्रमागावर आहेत, चार माग एकटे सांभाळतात. त्यामुळे गेल्या वेळचा आपला शब्द, देअर वेपश्टूल म्हणजे माग, तिला चित्र काढून दाखवावा लागला नाही. ती लिहिते: "'मी विणकराला बघते' याचं जर्मन 'इश झेए देन वेबर', आणि 'मी विणकराला मदत करते' याचं 'इश हेल्फे देम वेबर'. मराठीत दोन्हीकडे 'विणकराला'च आहे. मग एकीकडे देन आणि एकीकडे देम कशासाठी?"

इतकी वर्षं जर्मन शिकवताना हीच चूक मी वह्यांमध्ये सर्वांत जास्त वेळा लाल शाईनं खुणावली आहे. देअर, दी, दास मराठी मुलांना जड जात नाहीत. तो, ती, ते आपल्याकडे आहेतच. माग तो, कांडी ती, सूत ते. तीन लिंगं आपण आईच्या कडेवर शिकलेलो असतो. यंत्रमागालाच जर्मनमध्ये आजकाल दी वेपमशीने म्हणतात आणि तो शब्द स्त्रीलिंगी आहे, हेही मुलं सहज मान्य करतात, कारण लिंग वस्तूला नसतं, शब्दाला असतं हे त्यांच्या जिभेला ठाऊक असतं. अडतं ते या 'ला'पाशी.

शाळेतला विभक्तीचा तक्ता आठवून बघा. द्वितीया: स, ला, ते; स, ला, ना, ते. पुढची तृतीया सोडा आणि चतुर्थीवर या: स, ला, ते; स, ला, ना, ते. अक्षर न् अक्षर तेच. आपण ते घोकलं, परीक्षेत लिहिलं, आणि दोन विभक्तींना एकच प्रत्यय का, हे विचारलं नाही. हे खाने संस्कृतच्या साच्यातून आले. तिथे दोन्हींची रूपं खरोखरच वेगळी होती. विणकर म्हणजे तन्तुवाय. त्याला बघायचं तर तन्तुवायम्, त्याला काही द्यायचं तर तन्तुवायाय. मराठीपर्यंत येता येता ही रूपं झिजून गेली. खाने दोन राहिले, प्रत्यय एक झाला.

जर्मननं नामाची रूपं बरीच घालवली, पण भेद राखला आणि तो उपपदावर ठेवला. इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. गुरूला नमन करताना आपण 'तस्मै' म्हणतो ना? त्याला, चतुर्थी. जर्मन 'देम' हा त्याच 'तस्मै'चा दूरचा चुलतभाऊ. आणि 'तम्', त्याला, द्वितीया, याचा भाऊ 'देन'. हजारो वर्षांपूर्वीच्या एका मूळ भाषेतून दोन्ही घराण्यांनी हा वारसा उचलला. फक्त शेवटच्या अक्षरावर विसंबू नका. 'तम्'मध्ये म् दिसतो म्हणून त्याची गाठ 'देम'शी घालाल तर फसाल. जोड्या अशा: तम् आणि देन, तस्मै आणि देम.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचं खरं उत्तर. मराठी द्वितीयेचा भेद पूर्ण विसरलेली नाही. तिनं तो फक्त दुसऱ्या ठिकाणी लपवलाय.

भिवंडीत नारपोलीकडच्या एखाद्या कारखान्यात उभे राहा. मागांच्या खटखटाटात शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. कारागीर रिकामी झालेली कांडी धोट्यातून काढतो, भरलेली बसवतो, माग सुरू करतो आणि दुसऱ्या मागाकडे वळतो. हे सगळं मी नुसतं मराठीत लिहिलं, त्यात काय आलं बघा: कांडी काढतो, माग सुरू करतो. कांडीला काढतो असं आपण म्हणत नाही, मागाला सुरू करतो असंही सहसा म्हणत नाही. कर्म निर्जीव असलं की मराठी द्वितीयेचा प्रत्यय गाळते. माणूस आला की मात्र 'ला' लागतो: विणकराला बघतो, मुलाला उचलतो. पण चतुर्थीचा 'ला' निर्जीवालाही सोडत नाही. मागाला तेल देतो. इथला 'ला' काढून बघा, वाक्य मोडतं.

मग कसोटी तयार झाली. वाक्यातला माणूस उचला, त्याच्या जागी माग ठेवा. 'मी विणकराला बघते' याचं 'मी माग बघते' होतं. 'ला' गळला, म्हणजे द्वितीया, म्हणजे देन. 'मी विणकराला सूत देते' याचं 'मी मागाला सूत देते' होतं. 'ला' टिकला, म्हणजे चतुर्थी, म्हणजे देम. मदतीचंही तसंच. अमुक गोष्टीला मदत होते, तिथला 'ला' हलत नाही, आणि जर्मन हेल्फन या क्रियापदालाही चतुर्थीच लागते.

देण्याच्या वाक्यात दोन्ही विभक्ती शेजारी बसलेल्या दिसतात: देअर शेफ गिप्ट देम वेबर देन फादन. मालक विणकराला धागा देतो. विणकर चतुर्थीत, धागा द्वितीयेत. आमच्या मराठी वाक्यातही धागा बिनप्रत्ययाचाच आहे. हे एक वाक्य पाठ करा, अर्धं काम झालं.

ही कसोटी सगळीकडे चालते असं मात्र समजू नका. विचारणे म्हणजे फ्रागन, आणि फोन करणे म्हणजे आनरूफन. मराठीत आपण दुकानालाही फोन करतो, 'ला' काही केल्या गळत नाही. कसोटी म्हणेल देम. जर्मन म्हणते देन: इश रूफे देन वेबर आन. ही दोन क्रियापदं मी वर्गात पहिल्याच महिन्यात पाठ करून घेतो. उलट बाजूनं डांकन, म्हणजे आभार मानणे, याला चतुर्थी लागते. मराठीत तर तिथे षष्ठी येते: विणकराचे आभार. अशी क्रियापदं भेटतील तशी विभक्तीसकट वहीत लिहावी. त्याला पर्याय नाही.

अनेकवचनात आणखी एक सापळा आहे, तो सांगून ठेवतो. वेबर हा शब्द एकवचनात आणि अनेकवचनात सारखाच राहतो. आपला माग तसाच: एक माग, दहा माग. जर्मनमध्ये उपपद बदलतं, देअर वेबर, दी वेबर. गेरहार्ट हाउप्टमान यांचं 1892 सालचं 'दी वेबर' हे नाटक 1844 मधल्या सायलेशियातल्या विणकरांच्या उठावावर आहे. वर्गात कोणीतरी हमखास त्याचं नाव 'विणकरीण' असं करतं, कारण 'दी' दिसली की स्त्रीलिंग. विणकरीण म्हणजे दी वेबरिन. नाटकाच्या नावातली दी अनेकवचनाची आहे.

आणि अनेकवचनाच्या चतुर्थीत उपपद येतं देन. हो, तेच देन! इश हेल्फे देन वेबर्न, मी विणकरांना मदत करते. ओळखायचं शेवटच्या न वरून. देन वेबर म्हणजे एक, द्वितीया. देन वेबर्न म्हणजे अनेक, चतुर्थी. मागाचंही तसंच: दी वेपश्ट्यूले, पण देन वेपश्ट्यूलेन. आपल्या 'मागांना'मध्ये गा वर अनुस्वार येतो, तसाच हा न, असं वाटणं साहजिक आहे आणि लक्षात ठेवायला ते सोयीचंही आहे. पण यांचं नातं नाही. मराठीचा अनुस्वार संस्कृतच्या षष्ठीच्या 'आनाम्'मधून उतरलाय. जर्मनचा न पूर्वी म होता. दिवसांना या अर्थी जुन्या जर्मनमध्ये 'टागुम' म्हणत, आज 'टागन' म्हणतात.

पत्राच्या शेवटी त्या मुलीनं कापडाला काय म्हणतात, हेही विचारलंय. दास टूख. त्याला दोन अनेकवचनं आहेत, एक कापडाच्या जातींसाठी आणि एक रुमाल-ओढण्यांसाठी. आपल्याकडे कापडं वेगळी आणि कपडे वेगळे, तसंच काहीसं. तो एका पूर्ण लेखाचा विषय आहे, विशेषणांनंतर घेऊ.

पुढच्या आठवड्यात विशेषणं नक्की. तोवर आपल्या घरातली, कामावरची, 'ला' असलेली दहा मराठी वाक्यं लिहा, प्रत्येकात माणसाच्या जागी निर्जीव वस्तू ठेवून बघा आणि समोर देन की देम ते लिहा. ज्या वाक्यांपाशी अडाल, तीच मला पाठवा.