मऊ बुटाची परीक्षा

पळण्याचा बूट घ्यायला दुकानात आलेला माणूस सगळ्यात आधी टाचेखालचा फोम अंगठ्याने दाबून पाहतो. अंगठा आत रुतला की बूट मऊ, आणि मऊ म्हणजे गुडघ्यांना चांगला, असा हा हिशेब. विक्रेता त्यात आपली भर घालतो : वजन जास्त असेल तर कुशन जास्त घ्या, तळपाय सपाट असेल तर आधाराचा बूट घ्या. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची किंवा साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या हौशी धावपटूने रोजच्या सरावाचा बूट या सल्ल्यावर निवडावा का? माझ्या मते नाही. कुशनला अर्थ आहे, पण अंगठ्याला जो मऊपणा कळतो त्यावरून तो बूट तुमच्या पायाला कसा वागवील हे कळत नाही. ते कळायला बूट पायात घालून पळावंच लागतं, आणि संशोधनाचा एकूण कौलही त्याच बाजूने झुकतो.

पळताना प्रत्येक पावलागणिक जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर उलटा येतो. फोम हा जोर गिळून टाकतो असा समज आहे. प्रत्यक्षात तो आघात थोड्या अधिक वेळात पसरवतो, एवढंच. शिवाय पाय काही निमूटपणे मार खात नाही. खालचा पृष्ठभाग मऊ लागला की स्नायू पायाची लवचीकता आपोआप कमी करतात, कडक लागला की वाढवतात. फिनलंडमधल्या संशोधकांनी 2018 मध्ये 12 पुरुषांना जाड तळाच्या आणि नेहमीच्या बुटांत पळवून मापं घेतली. ताशी साडेचौदा किलोमीटरच्या वेगाला टाच टेकतानाचा आघात जाड तळाच्या बुटातच अधिक भरला. बारा माणसांवरून सगळ्या जगाचा निवाडा करता येत नाही, हे खरं. पण 'जाड म्हणजे सुरक्षित' हे समीकरण डळमळायला तेवढं पुरेसं आहे.

मोठे प्रयोग लक्झेंबर्गमध्ये झाले, आणि ते वाचण्यासारखे आहेत. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 247 धावपटूंना मऊ किंवा कडक मिडसोलचे, म्हणजे मधल्या फोमच्या थराचे, बूट दिले. दुखापतींत फरक दिसला नाही. 2020 चा प्रयोग याहून बराच मोठा होता : 848 धावपटू, सहा महिने, आणि कोणाच्या पायात कोणता बूट आहे हे धावपटूंनाही माहीत नव्हतं. या वेळी कडक बूटवाल्यांमध्ये दुखापतीचा धोका सुमारे दीडपट निघाला. म्हणजे मऊ बूट जिंकला? इथेच खरी गंमत आहे. धावपटूंची वजनानुसार विभागणी केल्यावर मऊ बुटाचा हा फायदा हलक्या वजनाच्या धावपटूंमध्ये दिसला. वजनदार धावपटूंमध्ये तसा फरक आढळला नाही. विक्रेता बरोबर याच्या उलट सांगत असतो.

सपाट तळपायाची गोष्टही अशीच. अमेरिकी सैन्यदलांनी हजारो नव्या जवानांवर हे तपासून पाहिलं. काहींना तळपायाचा आकार बघून बूट दिले, बाकीच्यांना सरसकट एकाच प्रकारचे दिले. भूदल, वायुदल आणि मरीन, तिन्हीकडे दुखापतींच्या प्रमाणात सांगण्याजोगी घट झाली नाही. 2022 मध्ये वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने असे 12 प्रयोग, मिळून अकरा हजारांहून अधिक माणसं, एकत्र तपासली आणि अमुक प्रकारचा बूट दुखापत टाळतो असं खात्रीने म्हणायला पुरावा तोकडा असल्याचं सांगितलं. दुकानातल्या यंत्रावर तळपायाचा रंगीत नकाशा निघतो तो बघायला छान असतो. त्यावर दहा-बारा हजार रुपये ठरवू नयेत.

मग बूटच कशाला, अनवाणी पळावं, असं म्हणणारा एक पंथ 2009-10 च्या सुमारास जोरात होता. टाच-चवड्यातला उंचीचा फरक काढून टाकला की गुडघ्यावरचा भार कमी होतो हे खरंच आहे, पण तो भार पोटरी आणि टाचेच्या शिरेवर जातो. पाच बोटांच्या बुटांसाठी प्रसिद्ध असलेल्या व्हिब्रम कंपनीने आरोग्याच्या दाव्यांवरून दाखल झालेला दावा 2014 मध्ये तडजोडीने मिटवला. आणि आपल्याकडचे काँक्रीटचे रस्ते, पेव्हर ब्लॉकच्या उचकटलेल्या कडा आणि काचांचे तुकडे बघता या वादावर अधिक शाई खर्च करायला नको.

एवढं सगळं बाजूला सारल्यावर हाती एकच निकष उरतो : बूट पायाला आरामदायक वाटतो का. कॅल्गरी विद्यापीठाचे बेन्नो निग यांनी 2015 मध्ये हाच मुद्दा मांडला. शरीराची हालचालीची स्वतःची एक ठरलेली वाट असते, बुटाने ती मोडू नये, आणि ती मोडते आहे की नाही हे आरामाच्या जाणिवेवरून कळतं. यावर आक्षेप घेता येतो की आराम ही व्यक्तिगत जाणीव. तिच्यावर कसला भरवसा? शिवाय गालिच्यावर दोन पावलं चालताना सगळेच बूट आरामदायक वाटतात. आक्षेपाचा दुसरा भाग अगदी रास्त आहे, पण तो परीक्षेच्या पद्धतीवर आहे, निकषावर नाही. म्हणून पद्धत सुधारायची. संध्याकाळी जावं, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात आणि लांब पळतानाही फुगतातच. पळतानाचेच मोजे घालावेत. उभं राहिल्यावर सर्वात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. ती नसेल तर उतारावर नख काळं पडतं. चवड्याचा सर्वात रुंद भाग बुटाच्या सर्वात रुंद भागात बसला पाहिजे. तो तिथे बसत नसेल तर मोठा नंबर घेऊन उपयोग नाही. रुंद साच्याचा बूट मागावा. टाच वर-खाली सरकत असेल तर घोट्याजवळच्या शेवटच्या, सहसा रिकाम्या राहणाऱ्या भोकातून नाडी ओवून पाहावी. बहुतेकदा तेवढ्याने काम होतं.

आता एक प्रत्यक्ष बूट घेऊ. नायकेचा पेगासस 1983 पासून बाजारात आहे आणि रोजच्या सरावाचा बूट म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तोच येतो. 2024 च्या 41 क्रमांकाच्या आवृत्तीत टाचेखाली 37 आणि चवड्याखाली 27 मिलिमीटर जाडी आहे, म्हणजे उतार 10 मिलिमीटरचा. पुरुषांच्या मधल्या नंबरात एका बुटाचं वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास. यातला कोणता आकडा कामाचा? जाडीचा फारसा नाही. उताराचा थोडा : आजवर 10-12 मिलिमीटरवर पळणाऱ्याने एकदम 4 वर उतरलं तर पोटऱ्या बोलू लागतात. वजनाचाही थोडाच. बुटात शंभर ग्रॅम वाढले की ऊर्जाखर्च साधारण एक टक्का वाढतो. शर्यतीत तो महत्त्वाचा, मंगळवारच्या आठ किलोमीटरला नाही. फोमचं नाव काय, हे तर मी शेवटी बघेन. तळाचं रबर आधी बघेन, कारण पावसाळ्यात ओल्या फरशीवर आणि रंगवलेल्या पट्ट्यांवर तेच तारतं. भिजलेला बूट उन्हात किंवा गीझरजवळ ठेवू नये, गोंद आणि फोम दोन्ही खराब होतात. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवावा (ही पुरवणी वाचून झाली की चालेल).

कुशन टिकतं किती, हेही पाहायला हवं. 1985 मध्ये अमेरिकेत झालेल्या एका चाचणीत धावपटूंनी प्रत्यक्ष वापरलेल्या बुटांत पाचशे मैलांनंतर आघात शोषण्याची मूळ क्षमता साधारण 70 टक्के उरली होती. तेव्हापासून फोम बरेच बदलले, तरी पाचशे ते आठशे किलोमीटर हा ठोकताळा आजही चालतो. पण मऊपणा एका दिवसात जात नाही. तळ एका बाजूला झिजून बूट सपाट जमिनीवर कलंडू लागला, किंवा नेहमीच्या अंतराला नडगी नव्याने दुखू लागली, तर किलोमीटर मोजत बसू नये. आणि दुखापतीचं सगळं खापर बुटावर फोडण्याआधी सरावाची वही उघडावी. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या अभ्यासात मागच्या तीस दिवसांतल्या सर्वात लांब धावेपेक्षा एकाच दिवशी दहा टक्क्यांहून जास्त अंतर वाढवणाऱ्यांना दुखापतीचा धोका स्पष्टपणे अधिक दिसला. त्यातून कोणताही फोम सोडवणार नाही.

तेव्हा दुकानात दहा मिनिटं आपल्या वेगाने पळून बघू द्या म्हणावं, निदान बाहेरच्या फुटपाथवर. नाही म्हणाले तर दुसरं दुकान गाठावं. नवी आवृत्ती आली की जुनी उतरत्या किमतीत मिळते. ती पायाला बसत असेल तर तीच घ्यावी, आणि वाचलेल्या पैशांत जमल्यास वेगळ्या बनावटीचा दुसरा जोड. 2015 च्या लक्झेंबर्गच्याच एका पाहणीत आलटून-पालटून वेगवेगळे बूट वापरणाऱ्यांना दुखापती कमी झाल्या होत्या.