धडधड नेमकी पकडताना

छातीत धडधड होते म्हणून रुग्ण दवाखान्यात पोहोचतो, तोवर ती बहुधा थांबलेली असते. तिथला ईसीजी साधारण १० सेकंदांचीच नोंद घेतो. तेवढ्या वेळात हृदय सुरळीत चालले, तर आलेख निर्दोष येतो आणि धडधडीचे कारण कळत नाही. घरी वापरायचा छोटा हृदय-मॉनिटर या अडचणीवरचा उपाय आहे. त्रास सुरू असतानाच हृदयाची लय टिपून ठेवणे, एवढेच त्याचे काम.

नेदरलँड्समधील लायडन येथे विलेम आइन्टहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ईसीजीचे तंत्र विकसित केले. त्याबद्दल त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे यंत्र सुमारे २७० किलोचे होते आणि रुग्णाला मिठाच्या पाण्यात हात बुडवून बसावे लागे. पुढे अमेरिकेत नॉर्मन होल्टर यांनी अंगावर वागवता येईल असे यंत्र बनवले. त्याची पहिली आवृत्ती जवळपास ३८ किलोची, पाठीवर बांधायची होती. आज २४ तास लावून ठेवतात त्या ‘होल्टर’ला त्यांचेच नाव आहे. पण धडधड महिन्यातून एकदाच होत असेल, तर होल्टरच्या २४ तासांतही ती सापडत नाही. मोबाइलशी जोडायच्या ईसीजी यंत्राला २०१२ साली अमेरिकेत परवानगी मिळाली आणि २०१८ पासून मनगटी घड्याळातही ही सोय आली.

खिशात मावणाऱ्या या यंत्रावर धातूच्या दोन पट्ट्या असतात. दोन्ही हातांची बोटे त्यांवर ठेवली की हृदयातील विद्युतस्पंदांचा आलेख मोबाइलवर उमटतो. मिठाच्या पाण्याची जागा पट्ट्यांनी घेतली. एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंतचा विद्युतदाब मोजण्याची रीत मात्र आइन्टहोवेन यांचीच आहे. ऑक्सिमीटर किंवा बीपीचे यंत्र नाडीचे ठोके मोजते, पण ठोका हृदयात कुठून सुरू झाला याचा माग आलेखातच लागतो.

नोंद घेताना खुर्चीत टेकून बसावे आणि कोपरे टेबलावर ठेवावीत. बोटे कोरडी असतील तर किंचित ओली करावीत. पट्ट्या घट्ट दाबू नयेत, कारण आवळलेल्या स्नायूंची थरथरही आलेखात उतरते. ३० सेकंद बोलू नये, हलू नये. नोंद झाल्यावर वेळ, त्या वेळी काय चालले होते आणि धडधड एकदम सुरू झाली की हळूहळू वाढली, हे लिहून ठेवावे. बरे वाटत असतानाची एक नोंदही जवळ असावी. तुलनेला ती उपयोगी पडते.

‘ठोका चुकला’ असे वाटते तेव्हा अनेकदा एक ठोका वेळेआधी पडलेला असतो. त्यामागून छोटा विराम येतो आणि पुढचा ठोका जोरात जाणवतो. असे अधूनमधून होणे निरोगी हृदयातही आढळते. बटण दाबल्यासारखी सुरू होऊन तशीच थांबणारी, मिनिटाला १५० च्या पुढची नियमित लय हृदयातील जादा विद्युतमार्गामुळे असू शकते. ठोक्यांमधल्या अंतराला काही ताळमेळच नसेल, तर एट्रियल फिब्रिलेशनची शंका येते. या विकारात हृदयाच्या वरच्या कप्प्यांत रक्ताच्या गुठळ्या होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो. म्हणून तो वेळेत ओळखणे महत्त्वाचे. धडधडीच्या वेळीच आलेख निर्दोष आला, तर तीही कामाची माहिती असते: ताप, रक्तक्षय, थायरॉइड, चहा-कॉफीचा अतिरेक किंवा चिंता अशा कारणांकडे डॉक्टर वळू शकतात.

यंत्राच्या मर्यादाही आहेत. दोन बोटांवरचा आलेख हृदयाकडे एकाच बाजूने पाहतो. दवाखान्यातला बारा बाजूंनी. त्यामुळे हार्ट अ‍ॅटॅक आहे की नाही, हे त्यावरून ठरवता येत नाही. अ‍ॅपचा निष्कर्ष चुकू शकतो, म्हणून मूळ आलेख डॉक्टरांनी पाहायला हवा. पेसमेकर असलेल्यांनी आधी त्यांचा सल्ला घ्यावा. ‘नॉर्मल’ असे उत्तर पाहून औषध बंद करू नये आणि शंकेपोटी दिवसातून वीसदा नोंदही घेऊ नये. त्याने काळजीच वाढते.

धडधडीसोबत छातीत दुखत असेल, दम लागत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल किंवा शुद्ध हरपली असेल, तर नोंद घेत बसू नये. महाराष्ट्रात अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते.