अठरा सह्यांचं पुस्तक

बोस्टन : 28 नोव्हेंबर 1773 रोजी ‘डार्टमाउथ’ नावाचं जहाज इथल्या बंदराला लागलं. त्यातला चहा तीन आठवड्यांच्या आत समुद्रात गेला, हे आपण सगळेच शाळेत शिकलो. त्याच जहाजातून लंडनमध्ये छापलेल्या एका कवितासंग्रहाच्या प्रतीही आल्या होत्या. त्या सुखरूप राहिल्या आणि पुढे विकल्याही गेल्या. कवयित्रीचं नाव फिलिस व्हीटली. वय वीसच्या आसपास, आणि पुस्तकावर छापल्याप्रमाणे बोस्टनच्या जॉन व्हीटलींची ‘सेविका’, म्हणजे गुलाम.

1761 साली पश्चिम आफ्रिकेतून तिला इथे आणून विकलं, तेव्हा पुढचे दुधाचे दात पडलेले पाहून वय सात-आठ धरलं गेलं. ‘फिलिस’ हे तिला आणणाऱ्या जहाजाचं नाव, आडनाव धन्याचं. आईबापांनी ठेवलेलं नाव कुठेच नोंदलेलं नाही. धन्याच्या घरी ती इंग्रजी शिकली, मग लॅटिनही. बोस्टनमध्ये पुस्तक काढायचा प्रयत्न झाला, पण आगाऊ वर्गणीदार मिळेनात. शेवटी लंडनला जावं लागलं.

त्या पुस्तकाच्या सुरुवातीला एक निवेदन आहे. या कविता खरोखर याच मुलीने लिहिल्या, अशी ग्वाही, आणि खाली अठरा प्रतिष्ठित पुरुषांची नावं : गव्हर्नर हचिन्सन, व्यापारी जॉन हॅन्कॉक, धर्मोपदेशक, शेवटी खुद्द तिचा धनी. यातल्या काहींच्या घरी गुलाम होतेच. या अठराजणांनी तिला समोर बसवून तोंडी परीक्षा घेतली, असा प्रसंग इथे हौसेने रंगवून सांगतात. अशा बैठकीची नोंद मात्र कुणाला सापडलेली नाही. माझ्या मते त्या प्रसंगाची गरजही नाही, नावांची ती यादी पुरेशी बोलकी आहे. आपल्याकडे नवा कवी प्रस्तावनेसाठी थोरामोठ्यांचे उंबरे झिजवतो. इथे आधी, लिहिणारी तीच आहे, एवढंच सिद्ध करायचं होतं.

अमेरिकेच्या आरंभीच्या साहित्याचे अभ्यासक्रम पूर्वी कोलंबसच्या 1493 च्या पत्रापासून सुरू व्हायचे. आता मूलनिवासींच्या सृष्टिकथा आधी घेतात, हे बरं झालं. मग राजेसाहेबांना धाडलेले अहवाल, कॅप्टन जॉन स्मिथची व्हर्जिनियाची हकिगत, प्युरिटनांची प्रवचनं. खरं सांगायचं तर यातलं पुष्कळसं रटाळ आहे. पण पुस्तकांची पहिली पानं चाळावीत. तिथे असा कुणी ना कुणी जामीनदार वारंवार भेटतो. अ‍ॅन ब्रॅडस्ट्रीटच्या कविता 1650 साली लंडनमध्ये निघाल्या. हस्तलिखित तिच्या मेव्हण्याने तिच्या नकळत नेलं, आणि बाईने घरचं काम न चुकवता, झोप मोडून हे लिहिलंय, असं वाचकांना बजावलं. मेरी रोलंडसन 1676 साली वसाहतकार आणि मूलनिवासींच्या युद्धात अकरा आठवडे मूलनिवासींच्या कैदेत होती. तिची हकिगत 1682 मध्ये छापली गेली तीही एका निनावी प्रस्तावनेच्या आधाराने. ती प्रस्तावना इन्क्रीज मेदर या धर्मोपदेशकाची मानतात.

रोलंडसनच्या पुस्तकाचे खिळे जुळवणारा, अभ्यासकांच्या मते, जेम्स प्रिंटर होता. निपमक जमातीचा हा माणूस युद्धात काही काळ दुसऱ्या बाजूला होता, आणि तिच्या सुटकेच्या खंडणीची पत्रं लिहिणाऱ्यांतही तोच, असं म्हणतात. या खंडात छापलेलं पहिलं संपूर्ण बायबल मॅसॅच्युसेट भाषेत आहे, 1663 चं. त्यावरही त्याने काम केलं. पुस्तकावर मुद्रक म्हणून त्याचं नाव यायला मात्र 1709 उजाडलं. छापखान्यात शिकाऊ म्हणून शिरल्याला तेव्हा पन्नास वर्षं झाली होती.

ज्यांना जामीनदार नव्हता, किंवा नको होता, त्यांनी नावच लपवलं. सोळा वर्षांच्या बेंजामिन फ्रँकलिनने 1722 साली सायलेन्स डोगूड या विधवेच्या नावाने एका वृत्तपत्राला चौदा पत्रं लिहिली. पहिलं तर रात्री छापखान्याच्या दाराखालून सरकवलं. संपादक त्याचाच थोरला भाऊ, आणि त्याला पत्ता नाही! जानेवारी 1776 मध्ये राजसत्तेवर तुटून पडणारं ‘कॉमन सेन्स’ आलं तेही निनावी. लेखक टॉमस पेन, साधारण वर्षापूर्वी इंग्लंडहून आलेला, एकेकाळी कॉर्सेट शिवणारा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, पेनने काही काळ संपादित केलेल्या ‘पेनसिल्वेनिया मॅगझिन’ने व्हीटलीची जॉर्ज वॉशिंग्टनवरची कविता छापली. पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’ पुढे पुण्यात जोतीराव फुल्यांच्या हाती पडलं. गुलामगिरी मोडणाऱ्या अमेरिकनांना फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली 1873 साली, व्हीटलीच्या पुस्तकानंतर शंभर वर्षांनी.

पुस्तक निघालं त्याच वर्षी व्हीटली गुलामीतून सुटली. दुसऱ्या संग्रहाची जाहिरात तिने 1779 मध्ये दिली, पुन्हा वर्गणीदार मिळाले नाहीत. 1784 च्या डिसेंबरमध्ये ती गरिबीत वारली. ते हस्तलिखित आजवर हाती आलेलं नाही.

त्यानंतर टॉमस जेफरसन. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा हा माणूस व्हर्जिनियावरच्या आपल्या टिपणांत व्हीटलीचं आडनाव चुकीचं लिहितो, तिच्या रचना टीका करायच्याही लायकीच्या नाहीत म्हणतो, आणि त्या तिच्या ‘नावावर’ छापल्यात, असा खवचट शब्दप्रयोग करतो. अठरा जामीनदार कमी पडले. त्यातल्या हॅन्कॉकने जेफरसनच्या जाहीरनाम्यावर सर्वांत मोठी सही केली होती. ही टिपणं 1785 साली पॅरिसमध्ये प्रथम छापली गेली, जेमतेम दोनशे प्रती. त्यावर जेफरसनने लेखक म्हणून स्वतःचं नाव घातलं नव्हतं.