एक्सल मजबूत केला, माणसाचे काय?

शहरातला हौशी तरुण गाडीच्या इंजिनाची ताकद वाढवतो आणि मग ती पेलावी म्हणून मागचा एक्सलही भक्कम बसवतो. आपल्या हिंगोली जिल्ह्यात ही हौस मोटारीवर नाही, ट्रॅक्टरवर केली जाते. डिझेल पंप वाढवायचा, टायर मोठे घालायचे आणि उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडायच्या. एक्सल तुटला की त्याहून जाड बसवायचा. यंत्र म्हणून यात चूक काढता येणार नाही. प्रश्न एवढाच आहे, की पूर्वी एक्सलवर येऊन थांबणारा ताण आता कुठे जातो?

इंजिन मिनिटाला दोन हजारांच्या आसपास फेरे घेते. पहिल्या गिअरमध्ये मागचे चाक मात्र मिनिटाला दहा-बाराच फेरे घेते. वेग जितका कमी होतो, तितका पीळ वाढतो. म्हणजे इंजिनाचा पीळ एक्सलपर्यंत पोचताना जवळपास दोनशेपट होतो. चाक मोकळे असेल तर ट्रॅक्टर पुढे जातो. पण चिखलात चाक रुतले, त्याला कोणी ओंडका बांधला किंवा मागचा भार हललाच नाही, तर एक्सल फिरू शकत नाही. मग तोच पीळ उलटा लागतो. चाक जागेवर राहते आणि ट्रॅक्टरचे धूड एक्सलभोवती फिरू लागते. पुढची चाके उचलली जातात.

कमकुवत एक्सल इथे तुटला असता. नुकसान झाले असते, पण माणूस वाचला असता. भक्कम एक्सल तुटत नाही, म्हणून ट्रॅक्टर उभा राहतो. पुढची चाके उचलल्यापासून परतीची वेळ निघून जायला पाऊण सेकंद पुरतो. धोका दिसून पाय क्लचवर जाईपर्यंत तेवढा वेळ संपलेला असतो. साखळीतली एक कडी पक्की केली की ताण पुढच्या कच्च्या कडीवर जातो, आणि ट्रॅक्टरवरची सर्वांत कच्ची कडी म्हणजे चालकाची छाती.

स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरवर चालकाच्या संरक्षणाची चौकट सक्तीची केली. त्यानंतर तिथे ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू झपाट्याने कमी झाले. चालकाच्या मागे उभी असलेली ही पोलादी कमान ट्रॅक्टरला पूर्ण उलटू देत नाही, आणि सीटबेल्ट चालकाला तिच्या आडोशात धरून ठेवतो. दोन्ही एकत्र हवेत. कमान नसलेल्या ट्रॅक्टरवर मात्र बेल्ट बांधू नये. आणि सावलीसाठी वेल्डिंग करून बसवलेले छत म्हणजे ही कमान नव्हे. ट्रॅक्टरचे वजन ते पेलत नाही.

ताकद वाढवणाऱ्याने ब्रेकचाही विचार करावा. ट्रॉलीला बहुधा स्वतःचा ब्रेक नसतो. उतारावर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरलाच ढकलत नेते. त्यात माणसे बसवणे तर जिवाशी खेळ आहे. ४ एप्रिल २०२५ रोजी वसमत तालुक्यातील गुंज गावच्या शेतमजूर महिलांना नेणारा ट्रॅक्टर नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात ट्रॉलीसह विहिरीत कोसळला. सात महिलांचा जीव गेला. ट्रॉलीत धरायला काही नसते आणि पडल्यावर बाहेर यायला वाटही नसते.

ट्रॅक्टरखाली दबलेल्या माणसाबाबत एक गोष्ट सर्वांनी समजून घ्यावी. मांडी तासभर दबली तरी माणूस बोलत असतो, पाणी मागत असतो. भार उचलताच मात्र चिरडलेल्या स्नायूंतले पोटॅशियम आणि इतर द्रव्ये एकदम रक्तात शिरतात. हृदयाचे ठोके बिघडू शकतात आणि पुढच्या एक-दोन दिवसांत मूत्रपिंडे बंद पडू शकतात. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडले तेव्हा ढिगाऱ्यातून जिवंत निघालेली माणसे नंतर दगावत. बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी १९४१ मध्ये या आजाराचे सविस्तर वर्णन केले. म्हणून ‘बाहेर काढला, आता बरा आहे’ असे म्हणून जखमीला घरी नेऊ नका.

अपघात झालाच तर:

• आधी इंजिन बंद करा, चाकांना दगड लावा आणि १०८ ला फोन करा.

• छाती, पोट किंवा मान दबली असेल तर क्षणही न दवडता भार उचला. उचलताना खाली लाकडी ठोकळे सरकवत राहा, नाहीतर ट्रॅक्टर पुन्हा बसतो.

• फक्त पाय बराच वेळ दबला असेल आणि १०८ चे पथक जवळ पोचले असेल, तर त्यांना सलाईन लावू द्या. पथक दूर असेल तर थांबू नका.

• रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून धरा. हळद, माती भरू नका.

• मान-पाठ न वळवता, चार जणांनी एकसारखे उचलून फळीवर ठेवा.

• किती वेळ दबला होता ते डॉक्टरांना सांगा. लघवी चहासारखी काळसर आली तर लगेच कळवा.

अपघात टाळायला खर्चही फार नाही. भार नेहमी एक्सलच्या खाली असलेल्या हुकालाच जोडावा, टॉप लिंकला कधीही नाही. पुढची वजने काढून ठेवू नयेत. ट्रॅक्टर रुतला तर आधी रिव्हर्समध्ये काढून पाहावा, नाहीतर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून घ्यावा. आणि जाड एक्सल बसवायचाच असेल, तर त्याच दिवशी कमान आणि बेल्टचीही चौकशी करावी. तुटलेला एक्सल वसमतच्या वर्कशॉपमध्ये बदलून मिळतो, छाती मिळत नाही.