घरच्या संगणकावर तसबिरींची दुरुस्ती

नंदगडचा पाऊस ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना भिंतीवरील तसबिरींचे हाल सांगावयास नकोत. ओल शिरते आणि आजोबांच्या चेहऱ्यावर डाग उमटतात. अशी तसबीर स्कॅन करून घरच्या संगणकावर, प्रणालीसाठी एक पैही न मोजता, सुधारता येते. स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस या बर्कलेच्या विद्यार्थ्यांनी रचलेली ‘गिंप’ १९९६ पासून विनामूल्य आहे. शेजारचा स्वच्छ भाग उचलून डागावर बसविण्याची तिची सोय मोठी नामी! पण तिचा पसारा पाहून नवखा बिचकतो. त्याने विंडोजवर ‘पेंट डॉट नेट’ने आरंभ करावा, तोही तिच्या संकेतस्थळावरूनच, मायक्रोसॉफ्टच्या दुकानात तिलाच पैसे पडतात. मूळ प्रत मात्र निराळी जपावी. आजोबांची एकदा पुसलेली सुरकुती जतन केलेल्या जेपेगमधून परत येत नाही.