आधी या घरात कोण राहत होतं?

‘हॉटेल’ हा शब्द आपण मराठी माणसांनी केव्हाच ताटात वाढून घेतला. हॉटेलात जायचं ते मिसळ खायला. राहायला लॉज असतो. फ्रेंच लोक आणखी वेगळे. पॅरिसमध्ये ‘ओतेल द व्हिल’ अशी भव्य पाटी दिसली म्हणून बॅगा ओढत आत शिरलात, तर तुम्ही महापालिकेत पोहोचलेले असता. नोत्र-दामच्या शेजारचं ‘ओतेल-द्यू’ तर चक्क इस्पितळ आहे. आणि ‘ओतेल पार्तिक्युलिए’ म्हणजे सरदार-सावकारांचा खासगी वाडा. हॉटेल, हॉस्टेल, हॉस्पिटल ही सगळी एकाच लॅटिन मुळाची भावंडं. आल्यागेल्याची सोय करणं हा खानदानी धंदा.

शहर पाहायला जाताना मोठ्या साखळी हॉटेलात न राहता बारा-पंधरा खोल्यांचं एखादं देखणं, जुनं हॉटेल निवडायचं म्हटलं की मोबाइलवर पाच-सहा नावं उरतात आणि सगळ्यांचे फोटो सारखेच दिसतात. पितळी दिवा, पांढरी चादर, खिडकीत फुलं. तारे मोजूनही उपयोग नाही, कारण तारे सोयी मोजतात: खोलीचं क्षेत्रफळ, लिफ्ट, रिसेप्शनवर माणूस किती तास असतो. जिन्याच्या कठड्याला शंभर वर्षांच्या हातांनी आलेली चकाकी कुठल्याही तक्त्यात बसत नाही. मी आता एकच प्रश्न विचारते: हॉटेल होण्याआधी ही वास्तू काय होती? स्थळ पाहताना आपण ‘मूळ गाव कोणतं’ विचारतो, तसंच. मुळात काय होतं ते कळलं, की सुख कुठलं आणि मनस्ताप कुठला याचा बराचसा अंदाज येतो.

मलाच अडकव त्या आकड्याला

हे शहाणपण आलं अ‍ॅमस्टरडॅममध्ये. कालव्याकाठचं चिंचोळं घर, फोटोत इतकं गोड की मी मागचापुढचा विचार न करता पैसे भरले. सोबत गुडघे दुखणारी मावशी आणि तेवीस किलोची बॅग. दार उघडलं, तर समोर जिना नव्हता, जिन्याच्या नावाखाली उभी केलेली शिडी होती. कठड्याच्या जागी दोर.

आमचं हॉटेल पूर्वी व्यापाऱ्याचं घर होतं. सतराव्या शतकातल्या या घरांच्या पोटमाळ्यावर माल साठवत, कारण खाली ओल. जागेची रुंदी मोजून मिळे (दर्शनी रुंदीवर कर होता, असंही तिथे सांगतात), म्हणून घरं अरुंद, खोल आणि उंच. रुंद जिन्यासाठी जागा घालवायला व्यापारी काय खुळा होता? माल जिन्याने न्यायचाच नव्हता. घराच्या माथ्यावर तुळई, तुळईला आकडा, आकड्याला दोर. पोतं थेट बाहेरून वर. वर चढताना पोतं भिंतीला घासू नये म्हणून बरीच घरं मुद्दाम रस्त्याकडे झुकती बांधलेली. आजही तिथे कपाटं आणि पियानो खिडकीतूनच आत जातात. हे सगळं मी मावशीला तिसऱ्या पायरीवर ऐकवलं. ती म्हणाली, “अगं, मग मलाच अडकव की त्या आकड्याला.”

जाता जाता: हे शहर दलदलीत ठोकलेल्या लाकडी खांबांवर उभं आहे. ‘डाम’ चौकातल्या राजवाड्याखाली १३,६५९ खांब आहेत. आकडा लक्षात ठेवायची डच पोरांची युक्ती झकास आहे: वर्षाचे दिवस घ्या, पुढे एक, मागे नऊ.

नोकरांच्या खोलीतून आयफेल दिसतो

पॅरिसच्या छोट्या हॉटेलांत ‘छताखालची रोमँटिक खोली’ महाग असते. एकोणिसाव्या शतकात त्याच खोलीत मोलकरीण राहायची. लिफ्ट येण्याआधी श्रीमंत माणूस दुसऱ्या मजल्यावर राही: रस्त्याची घाण आणि गलका खाली राहतो, जिनेही फार चढावे लागत नाहीत. जसजसं वर जावं तसतशी भाडेकरूंची ऐपत उतरत जाई आणि अगदी वर, उतरत्या छताखाली, नोकरमंडळी. लिफ्ट आली आणि इमारतीचं सगळं अर्थशास्त्र उलटं झालं. उजेड, वारा, मनोरे दिसणारी खिडकी यांचे भाव चढले.

मात्र ही लिफ्ट जुन्या गोल जिन्याच्या मधल्या पोकळीत कशीबशी बसवलेली असते. त्यात दोन सडपातळ माणसं मावतात, किंवा एक माणूस आणि एक बॅग. कधी कधी माणूस किंवा बॅग. ती शेवटच्या मजल्यापर्यंत जाते का, हे वेगळं विचारावं. अनेकदा नोकरांच्या मजल्याला तिने अजूनही ओळख दाखवलेली नसते.

आणि हॉटेलात कोण राहून गेलं हे जसं मिरवतात, तसं कोण मेलं हेही. ऑस्कर वाइल्ड ३० नोव्हेंबर १९०० रोजी पॅरिसच्या र्‍यू दे बोझार गल्लीतल्या ‘ओतेल दाल्झास’ या स्वस्त, कळकट हॉटेलात वारला. खिशात पैसे नव्हते, भिंतीवरचा कागद त्याला असह्य होत होता, त्या कागदावरचे त्याचे विनोद जगभर गाजले. त्याच जागी आज वीसेक खोल्यांचं ऐटदार ‘लोतेल’ आहे आणि त्याच्या नावाची खोली लोक हौसेने मागतात. कंगाल पाहुणा मेल्यावर इतकी कमाई करून देईल, असं त्या मालकाच्या स्वप्नातही नसेल.

बाहेरून भिंत, आतून चौक

माराकेशच्या जुन्या शहरात राहायची सोय म्हणजे रियाद. बाहेरून नुसती गुलाबी-तांबूस भिंत आणि एक साधं दार. खिडकी जवळपास नाहीच. आत शिरलात की चौक, कारंजं, संत्र्याची झाडं आणि चारी बाजूंनी चौकाकडे तोंड करून बसलेल्या खोल्या. पुण्या-सातारच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. हा वाडाच आहे. म्हणूनच रियादचे गुणदोषही वाड्याचे. खोलीत उजेड बेताचा, रस्त्याचा गोंगाट शून्य, आणि चौकात कुणी शिंकलं तरी सगळ्या खोल्यांना कळतं. नवरा-बायकोने भांडण बाहेर जाऊन करावं.

अरबीत ‘रौदा’ म्हणजे बाग, तिचं अनेकवचन रियाद. सौदीची राजधानी रियाध तीच. आपल्या खुलताबादचं जुनं नाव ‘रौझा’, तेही याच घरचं. माराकेशात बागेविना नुसत्या चौकाच्या घराला ‘दार’ म्हणतात; अरबीत त्याचा अर्थ घर. मराठी पाहुण्याने आरक्षण करताना एवढं लक्षात ठेवावं: ‘रियाद’ असेल तर झाडं मिळण्याची आशा, ‘दार’ असेल तर बहुधा नाही. गाडी गल्लीच्या तोंडापर्यंतच जाते, पुढे सामान हातगाडीवर. त्या हातगाडीवाल्याचे पैसे आधी ठरवा.

पूल किती, ते विचारा

व्हेनिसमध्ये हॉटेलचा पत्ता म्हणजे विभागाचं नाव आणि एक भलामोठा आकडा. शहराचे सहा हिस्से, आणि प्रत्येक हिश्श्यात घरांचे नंबर गल्लीगल्लीने नाही तर सलग चालतात. कास्तेल्लो भागात ते साडेसहा हजारांच्याही पुढे जातात. परदेशी पाहुणे रडकुंडीला येतात. सदाशिव पेठेत आकडा आणि पेठेचं नाव एवढ्यावर घर शोधलेल्या माणसाला मात्र माहेरी आल्यासारखं वाटावं.

शहरात चारशेहून जास्त पूल आहेत आणि बहुतेकांना दोन्हीकडून पायऱ्या. तेव्हा हॉटेल ‘धक्क्यापासून तीनशे मीटर’ याला काही अर्थ नाही. मध्ये किती पूल, ते विचारायचं. दोनच्या वर असतील आणि बॅगेला चाकं असतील, तर चाकं शोभेची.

सरकारी पाहुणचार

मराठीत हा शब्द तुरुंगासाठी थट्टेने वापरतात, युरोपने तो अक्षरशः घेतला. ऑक्सफर्डचा तुरुंग १९९६ साली बंद झाला आणि पुढे त्याचं हॉटेल झालं. तीन कोठड्या जोडून एक खोली. स्टॉकहोममध्ये लोंगहोल्मेन बेटावरच्या तुरुंगाचंही तेच झालं. ल्युब्ल्यानात जुना लष्करी तुरुंग २००३ पासून ‘त्सेलित्सा’ म्हणजे ‘कोठडी’ याच नावाने पाहुणे घेतो. वीस कोठड्या वेगवेगळ्या कलाकारांनी सजवल्या, गज तसेच ठेवले. माझं मत विचाराल तर झोपेसाठी तुरुंगासारखी जागा नाही. भिंती जाड असतात. उजेडाची मात्र अपेक्षा ठेवू नये; तो कैद्याला कुणी दिलाच नव्हता.

किरकोळ, पण रात्री आठवेल असं

क्योटोतल्या जुन्या दुकानदारी घरांना गमतीने ‘ईल माशाचं अंथरूण’ म्हणतात: समोरून वीतभर, आत लांबच लांब. खोली चटयांत मोजतात. क्योटोची चटई टोकियोच्या चटईपेक्षा मोठी, त्यामुळे सहा चटयांची खोली दोन्ही शहरांत सारखी नसते. चपला बाहेर, गादी जमिनीवर. आपल्याला नवीन काही नाही.

जर्मनीत ‘डबल बेड’ म्हणजे बऱ्याचदा दोन वेगळ्या गाद्या शेजारी, पांघरुणंही दोन. मधल्या फटीला जर्मनांनी खास शब्द ठेवलाय, त्याचा अर्थ ‘पाहुण्याची फट’.

इटलीत १७ हा आकडा अपशकुनी. रोमन आकड्यांची अक्षरं हलवली की ‘मी जगलो’ असा लॅटिन शब्द होतो, म्हणजे संपलं. जपानमध्ये ४चा उच्चार मृत्यूसारखा. खोल्यांच्या क्रमांकात ते गाळलेले दिसले तर मोजणी चुकली असं समजू नका.

जुन्या हॉटेलांच्या किल्लीला पितळेची धोंड असते ती शोभेला नाही. खिशात जड झाली की तुम्ही मुकाट्याने किल्ली खाली देऊन बाहेर पडता.

आणि चहा. ब्रिटनच्या छोट्या हॉटेलात खोलीत किटली हमखास. फ्रान्स-इटलीत ती गृहीत धरू नये. मावशी स्वतःची नेते. ब्रिटिश न्याहारीतलं ‘ब्लॅक पुडिंग’ गोड नसतं. ते डुकराच्या रक्ताचं असतं.

पणजीला, शेवटी

मावशीच्या गुडघ्यांचा मान राखून पुढच्या खेपेला पणजीचं फोंताइन्हास ठरवलं. आल्तिन टेकडीच्या पायथ्याशी, झऱ्यावरून नाव पडलेला हा भाग. पिवळी, निळी, लालसर घरं, कौलं, काही ठिकाणी काचेऐवजी शिंपल्याच्या चकत्या बसवलेल्या जुन्या खिडक्या: उजेड आत येतो, ऊन येत नाही. पांढरा रंग चर्चसाठी राखून घरांना दरवर्षी पावसाळ्यानंतर रंग द्यायचा, असा पोर्तुगीज काळातला रिवाज. तेव्हा घरं ताजी रंगवलेली हवी असतील तर दिवाळीच्या सुमारास जावं. ऑगस्टमध्ये शेवाळ दिसेल, तेही मला आवडतं. सकाळी गजर लावायची गरज नाही. पोदेर सायकलवरून पावाची टोपली घेऊन भोंगा वाजवत येतो.

घराला जिना होता, पण माणसांसाठी बांधलेला. खोलीत उंच छत आणि चार खांबांचा शिसवी पलंग. मावशी आता तयार झालीय. बॅग ठेवायच्या आधीच तिने मालकांना विचारलं, “आधी इथे कोण राहत होतं?”

“माझी आजी.”

“आणि आता कुठे असतात त्या?”

मालक जरा घुटमळले. “गेली. याच पलंगावर. ब्याण्णव वर्षांची होती.”

मी दुसरी खोली मागायला तोंड उघडणार, तोवर मावशी गादी दाबून बघत होती.

“ब्याण्णव ना? मग पलंग चांगलाय,” ती म्हणाली आणि आडवी झाली.